ठिपका म्हणजे उभा खांब

फरहत आता दौंडला असते, बहिणीकडे. माझ्या जेवणाच्या टेबलाची खिडकीकडची बाजू त्यामुळे रिकामी झाली आहे. तिथे मी वर्तमानपत्रांचा गठ्ठा ठेवून पाहिला, मग तुळशीची लहान कुंडी ठेवून पाहिली. दोन्ही पुन्हा उचलली. टेबलाच्या कडेला तिच्या चार्जरच्या वायरने घासून पडलेली एक पांढरट रेघ आहे. कुशाबाई पुसायला येते तेव्हा ती जोर लावून घासते, आणि मी दर वेळी तिला म्हणते, राहू दे, ती जायची नाही.

फरहत मला प्रथम भेटली ती नववीच्या वर्गात. शिरूरच्या शाळेत मी इंग्रजी शिकवत असे. पुण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी आम्हाला एक सवय लावली होती, उत्तर पूर्ण वाक्यात द्यायचं. ती मी माझ्या वर्गांना लावायचा प्रयत्न करी आणि मुलं हसत. फरहत हसत नसे. उठून उभी राही, वाक्य मनात एकदा म्हणून घेई आणि मग सांगे. तिचे वडील बाबुलाल लोखंडी खाटा आणि कपाटं बनवत. बाजारपेठेच्या मागे त्यांचं एक पत्र्याचं दुकान होतं. शाळा सुटली की ती तिथे जाई. मोठी बहीण नाझिया घरात आईला मदत करी आणि ही वडिलांना. "पाईपचं एक टोक अब्बाकडं, दुसरं माझ्याकडं," असं ती सांगे. बाबुलाल वेल्डिंग करत आणि ही तोंड फिरवून दुसरं टोक घट्ट धरून उभी राही. ती डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असताना ते गेले. दुकानातलं सामान विकलं गेलं. आई हुसेनबीने घराच्या पुढच्या खोलीत मिरची-मसाल्याचं कांडप यंत्र बसवलं आणि त्यावर मुलीचं शिक्षण पुरं केलं.

टाळेबंदीच्या वर्षी एका सकाळी फरहत फाटकाशी उभी होती. पुण्याच्या एका कंपनीत तिला नोकरी लागून थोडे दिवस झाले होते आणि सगळ्यांना घरून काम करायला सांगितलं होतं. त्यांच्या घरी इंटरनेट नीट पोचत नव्हतं. शिवाय कांडप सुरू झालं की दिवा मिणमिणायचा आणि तिचा कॉम्प्युटर बंद पडायचा. माझ्याकडे मुलाने परदेशातून हट्टाने नेटची जोडणी करून दिली होती. नातवंडांची तोंडं दिसावीत म्हणून. ती दिवसभर पडूनच असे.

"टीचर, तुमच्या व्हरांड्यात बसले तर चालेल?"

"व्हरांड्यात कशाला? आत टेबल आहे की."

टाळेबंदी उठली, ऑफिसं उघडली, तरी ती टेबलाशीच राहिली. साहेबांनाही ते चालत होतं, कारण तिच्या कामात चूक सापडत नसे.

तिचं काम काय, हे मला समजायला बराच वेळ लागला. मी पडद्यावर रेघा बघे आणि विचारी, हे काय आहे? ती न कंटाळता सांगे. "लोखंड कापायच्या आधी आम्ही ते कॉम्प्युटरवर मोडून बघतो, टीचर. ट्रॉली म्हणा, शेड म्हणा, गाडी म्हणा. तिचा सांगाडा इथं उभा करायचा, त्यावर वजन टाकायचं आणि कुठं वाकतं ते बघायचं." सांगाडा उभा करायचा म्हणजे प्रत्येक खांबाचे आणि आडव्या पट्टीचे लहान लहान तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्याला दोन टोकं. एक पहिलं, एक दुसरं. पहिल्याकडून दुसऱ्याकडे जाणारा बारीक बाण पडद्यावर दिसतो.

"बाणाने काय होतं? तुकडा तोच, टोकं तीच," मी म्हटलं होतं.

तिने स्वयंपाकघरातून खोबऱ्याचा लांबट डबा आणला, झाकण काढलं आणि टेबलावर उभा धरला. "समजा हा पत्रा वाकवून केलेला खांब. तीन बाजू बंद, एक उघडी. उघडी बाजू गाडीच्या आत पाहिजे. कॉम्प्युटरला ती कुठं ते बाणावरनं कळतं. बाण खालून वर असला तर उघडी बाजू आत. वरून खाली झाला..." तिने डबा तोंड फिरवून ठेवला. "खांब तोच. पण ताकद चुकीच्या बाजूला. आणि दिसायला काहीच फरक नाही, नुसती रेघच दिसती."

ड्रॉइंग काढणारा माणूस एक रेघ खालून वर ओढतो, दुसरी वरून खाली. त्याच्या हाताला जसं येईल तसं. ते सगळे बाण तसेच फरहतकडे येत. एका तुकड्यावर बोट ठेवून बाकीच्यांना त्याच्यासारखं व्हा म्हणण्याची सोय होती, आणि सरळ ओळीतले तुकडे मुकाट्याने ऐकत. पण जिथे तीन पट्ट्या एका जागी येतात तिथे ओळ तुटे. तिथून पुढे एकेक बघून, एकेक फिरवावा लागे. तिने स्वतःचा नियम केला होता. उभे तुकडे खालून वर, लांबीचे पुढून मागे, आडवे डावीकडून उजवीकडे. तो नियम पुढे तिच्या ऑफिसात सगळ्यांचा झाला.

हुसेनबी दुपारी कांडप थांबवून डबा द्यायला येई. तिच्या बाह्या, भुवया, पापण्यासुद्धा तांबूस असत. ती उंबरठ्याच्या बाहेरच थांबे. हात धुऊन आली तरी आत पाऊल टाकत नसे.

"आत या की, हुसेनबी."

"नको बाई. माजी मिरची पोरीच्या डोळ्यात जाती. घरात तर जातीच, हितं तरी नको." मग मान लांब करून पडद्याकडे बघे. "काय गं, कालचीच बस हाय व्हय? कवा सुटनार ही?"

"सुटंल, सुटंल. ड्रायव्हर येऊ दे."

"दौंडला जाती का इचार. जात आसंल तर मला नाझियाकडं सोड म्हनावं. यष्टीत लई धक्कं बसत्यात."

या सगळ्या दिवसांत फरहतच्या डोळ्यांकडे माझं लक्ष कधी गेलं, हे मला नेमकं सांगता येईल, कारण मी रोजची नोंद ठेवते. पण ती तारीख महत्त्वाची नाही. माझ्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि नव्या नजरेने मी सगळ्यांकडे टक लावून बघत होते. मला दिसलं की फरहत पडद्याच्या एका कोपऱ्याकडून दुसऱ्या कोपऱ्याकडे बघताना सगळी मान वळवते, कोंबडी दाणा बघते तशी. दिवेलागणीला घरी जाताना तिचा हात माझ्या कुंपणाच्या भिंतीवरून सरकत जातो, हेही दिसलं.

"माझ्या डॉक्टरांना दाखव," मी म्हटलं. "काही दुखत नाही. दुसऱ्या दिवशी पेपर वाचता येतो."

ती हसली. "माझा मोतीबिंदू नाही, टीचर."

ऑफिसची मीटिंग आहे म्हणून ती पुण्याला गेली होती, ती खरं तर दवाखान्यात. डोळ्याच्या पडद्याचा आजार होता. कडेकडून अंधार आत येत जातो. मधलं दिसतं, स्वच्छ दिसतं, बरीच वर्षंही दिसेल. पण मधलं म्हणजे केवढं, तर आता वहीच्या पानाएवढं, पुढे कधीतरी पोस्टकार्डाएवढं. औषध नाही. हे सगळं तिने पूर्ण वाक्यांत सांगितलं.

"आईला सांगितलंस?"

"नाही. आणि तुम्हीही सांगू नका. तिला वाटंल मिरचीनं झालं."

"मिरचीनं होत नाही ना पण?"

"मला माहीत आहे, टीचर. तिला कोण पटवणार?"

ऑफिसलाही तिने सांगितलं नव्हतं. चष्मा लावणाऱ्या माणसाला काम मिळतं, पण जिचे बाण बघणारे डोळेच जाणार तिला कोण ठेवणार? पडद्याकडे बघण्याचंच तर हे काम. आणि तिला दुसरं कुठलं नको होतं. इतर मुली इंजिनियर झाल्या की पुण्यात जातात, हिला शिरूरमध्ये, आईपासून हाकेच्या अंतरावर, आपल्या आवडीचं काम मिळालं होतं. बाबुलालच्या पाईपचं दुसरं टोक अजून तिच्या हातात होतं असं मला वाटे, पण ते मी तिला कधी म्हटलं नाही.

मग एक दिवस तिने विचारलं, "टीचर, कडा तुम्ही बघाल?"

अशा रीतीने सत्तरी ओलांडल्यावर मी कामाला लागले. पडद्याच्या चौकटीवर तिने डावीकडे आणि उजवीकडे पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला. त्यांच्या मधलं तिचं, बाहेरचं माझं. मी तिच्या शेजारी खुर्ची घेऊन बसे आणि कडेकडेचे बाण वाचून दाखवी. "वरून तिसरा उलटा." "हा?" "त्याच्या खालचा." "आता?" "आता झाला." मला हे आवडू लागलं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. यजमान गेल्यानंतर घरात कुणी मला 'आता?' असं विचारलं नव्हतं. दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये असताना ते वॉचमेकरसारखे भिंग लावून जुनी घड्याळं उघडत आणि मी चिमटा धरून बसे, त्याची आठवण येई.

आम्ही दोघींनी मिळून एका गोदामाचं छप्पर केलं, उसाच्या ट्रॉलीचा सांगाडा केला, एक स्ट्रेचर केलं. काम जाई, आणि 'छान' एवढा निरोप येई. तिच्या हाताखाली पुण्यात अपेक्षा नावाची एक नवी मुलगी लागली होती. फरहतचं काम तिने तपासायचं आणि पुढे पाठवायचं. ती फोनवर म्हणे, "ताई, तुमचं तपासायला काय असतं? मी नुसती सही करते." फरहत तिला रागवे. "सही नको करू. उघड आणि बघ." अपेक्षा हो म्हणे.

पूर्वी फरहत सांगाडा पडद्यावर सारखा फिरवत असे. वरून बघ, बाजूने बघ, खालून बघ. माउस हलला की अख्खी शेड गरगर फिरे आणि मला घेरी येई. आता तिने फिरवणं कमी केलं होतं. फिरवलं की ती जिथे बघत असे ती जागाच तिच्या त्या लहान गोल नजरेतून निसटे. पुन्हा शोधायला वेळ लागे आणि डोकं दुखे. म्हणून ती एकच बाजू समोर धरून काम पुरं करी आणि मग सावकाश दुसरी बाजू घेई. हे माझ्या ध्यानात आलं होतं. त्याचं काय होऊ शकतं, ते आलं नव्हतं.

गेल्या वर्षी बसचं काम आलं. खरोखरची, शाळेच्या मुलांची बस. रस्त्यात उलटली तर छप्पर किती दाबलं जाईल ते बघायचं होतं. हुसेनबीची चेष्टा तेव्हाचीच. बस आम्ही वरून समोर धरली होती, कारण छपरावर पट्ट्यांची जाळी फार होती. मधला भाग फरहत बघत होती. खिडक्यांमधले खांब बसच्या दोन्ही कडांना, म्हणजे माझ्या वाट्याला. पण वरून बघताना उभा खांब कसा दिसणार? तो सरळ डोळ्यांवर येतो.

"इथे बाण नाही, फरहत. नुसता ठिपका आहे."

"ठिपका म्हणजे उभा खांब. ते नंतर फिरवून बघते मी."

"आणि हाही ठिपका. ही सगळी ओळच ठिपक्यांची."

"असू दे. नंतर."

दुसऱ्या दिवशी तिने बस आडवी फिरवली. उजव्या बाजूचे खांब आम्ही पाहिले. डाव्या बाजूचेही पाहिले, जेवढे समोर आले तेवढे. मागच्या कोपऱ्यातले खांब मागच्या दाराच्या जाळीआड होते. ते दिसायला आणखी थोडं फिरवायला हवं होतं. त्या दिवशी तिचं डोकं फार दुखत होतं. ती म्हणाली, "झालं, टीचर," आणि मी दिवा लावला.

आठवड्यानंतर रविराजसाहेबांचा फोन आला. हे तिचे वरिष्ठ. आवाज मोठा असल्याने ती फोन टेबलावर ठेवूनच बोले.

"फरहत, तुझी बस कलतेय."

"म्हणजे, सर?"

"दोन्ही बाजू सारख्या, वजन बरोबर मध्ये, आणि बस डावीकडे झुकतेय. क्लायंटच्या माणसांनी पकडलं. डावीकडच्या मागच्या कोपऱ्यातले खांब वरून खाली आहेत. उघडी बाजू बाहेर."

फरहतने पडद्यावर बस उघडली.

"तुला मी काही म्हणत नाही. इतक्या वर्षांतली पहिली चूक तुझी. होतं माणसाकडून. पण तपासून सही अपेक्षाची आहे. तिने उघडूनही बघितलं नाही, कबूल केलंय. क्लायंटला नाव पाहिजे. ती अजून कायम झालेली नाही, तेव्हा..."

"सर, खांब मी केलेत."

"तू करणार. तपासणं तिचं काम. तू मनाला लावून घेऊ नकोस."

त्यानंतर लगेच अपेक्षाचा फोन आला. रडून तिचा आवाज जाड झाला होता. "ताई, तुमचं होतं म्हणून नाही बघितलं हो मी. दुसऱ्या कुणाचं असतं तर बघितलं असतं."

फरहत पडद्याकडे वळली. बस समोर होती, वरून धरलेली, कडेने ठिपक्यांची ओळ असलेली. गप्प राहिली असती तर काम टिकलं असतं. साहेबांनी स्वतःच तिला यातून बाहेर काढलं होतं. कुणी तिच्याकडे बोट दाखवलं नव्हतं.

"चहा घे, जरा पड. उद्या ठरव," मी म्हटलं.

"उद्या मी ठरवणार नाही, टीचर. उद्या मी गप्प बसेन."

तिने तिथेच पत्र लिहिलं. इंग्रजीत, पूर्ण वाक्यांत. मला कडेचं दिसत नाही, हे मी गेली दोन वर्षं लपवलं. सांगाडा फिरवून बघायला हवा, तो मी फिरवत नाही, कारण फिरवला की मला जागा सापडत नाही. खांब तपासले नाहीत ते या कारणाने. अपेक्षाने माझ्यावर विश्वास ठेवला, तो तिने ठेवावा अशी माझी वागणूक होती. मला वाचायला देऊन ती खिडकीबाहेर बघत उभी राहिली. मी एक स्वल्पविराम काढला. बाकी काही काढण्यासारखं नव्हतं.

रविराजसाहेबांनी संध्याकाळी फोन केला. आधी कितीतरी वेळ नुसता गाड्यांचा आवाज येत होता. ते रस्त्यावर कुठेतरी उभे असावेत.

"आधी सांगायचंस, फरहत."

"आधी सांगितलं असतं तर काय केलं असतं, सर?"

ते वाईट मनुष्य नव्हते. अपेक्षाला ठेवलं. फरहतचं काम महिनाअखेर थांबवलं. दुसरं काही असलं तर कळवू असं ते म्हणाले, आणि मला वाटतं, म्हणताना ते त्यांच्या मनातही होतं. ते अजून कळवायचे आहेत. फरहतने त्यांच्याकडे एकच मागितलं. बस मला दुरुस्त करून द्यायची आहे. त्यांनी हो म्हटलं.

आईला तिने शुक्रवारी सांगितलं. मी मागच्या अंगणात कपडे काढत होते. त्यांच्या आणि माझ्या अंगणामधे एक बुटकी भिंत आहे, सगळं ऐकू येतं. कांडप चालू होतं, म्हणून फरहत मोठ्याने बोलत होती. मग कांडप बंद झालं आणि तिचा आवाज तसाच मोठा राहिला. "...दिसनार न्हाई, अम्मी, हळूहळू."

हुसेनबी म्हणाली, "माज्या मिरचीनं केलं."

"मिरचीनं न्हाई होत हे. डॉक्टरला इचारलंय मी. जनमापासून असतं हे."

"जनमापासून?"

"व्हय. आत असतं. मागनं बाहेर येतं."

"मंग जनम कुनी दिला? मीच ना? कसंबी मोज, माज्यापाशीच येतंय."

कपडे हातात घेऊन मी तशीच उभी होते. भिंतीपलीकडे जावं की जाऊ नये हे मला ठरवता आलं नाही. शेवटी मी गेले नाही.

त्या दिवशी बंद झालेलं कांडप पुन्हा सुरू झालं नाही. उन्हाळ्याचे दिवस होते, मसाल्याचा खरा हंगाम. बायका मिरच्यांची गाठोडी घेऊन येत आणि हुसेनबी त्यांना दारातूनच परत पाठवी. मी एकदा तिच्याजवळ बसून समजावलं, डॉक्टरांचं नाव घेतलं, माझ्या वयाचा मान वापरला. ती ऐकून घेई आणि म्हणे, "व्हय टीचर, बरोबर हाय तुमचं." मग फडकं घेऊन यंत्राच्या तोंडातली मिरची पुसे. भांडगावचे एक सर्जेराव पिकअप घेऊन आले आणि यंत्र घेऊन गेले. ते उचलताना आतली राहिलेली पूड उडाली. आम्ही सगळे खोकत, डोळे पुसत उभे राहिलो. त्या खोकण्यात कोण रडलं आणि कोण नाही, ते कुणाला कळलं नाही.

आता त्या घरात पुढची खोली रिकामी, आणि टेबलावरचं कामही जाणार. नाझियाने दौंडहून नवऱ्याला पाठवलं, दोघींना घेऊन या म्हणून. जायचं ठरलं. फरहतने मला दौंडविषयी विचारलं. मी तिथे इतकी वर्षं काढलेली. मी तिला स्टेशनचा पूल सांगितला, कोणत्या बाजूला कठडा आहे ते सांगितलं, पायऱ्या कुठे झिजल्या आहेत ते सांगितलं. ती डोळे मिटून ऐकत होती. मग मला आठवलं की तो जुना पूल आता राहिला नसेल.

शेवटच्या दिवशी लॅपटॉप न्यायला अपेक्षा आली. एसटीने, एकटीच. कुरियरने मागवता आला असता. केस घट्ट बांधलेली, बारकी मुलगी. फरहतने तिला कधी प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं, म्हणून ती तिच्या चेहऱ्यावर वरपासून खाली, थोडं थोडं करून बघत गेली. अपेक्षा अवघडली.

"मला सांगायचं होतं ना, ताई," ती म्हणाली. तिला राग आलेला होता आणि रडूही. "मी बघितलं असतं ना कडेचं. रोज बघितलं असतं."

"मग माझं काम तू केलं असतंस."

"मग? टीचर करतच होत्या ना?"

फरहत त्यावर हसली. ती हसली तशी अपेक्षाही हसली, आणि मग दोघींनाही पुढे काय करावं ते सुचेना. मी चहा ठेवला.

"बस बघून घे आधी," फरहत म्हणाली. "सही करायची आहेस ना? मग उघड आणि बघ." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "टीचर, तुम्ही फिरवा. मला नाही जमत."

मी कधी फिरवली नव्हती. माउस धरला आणि जपून ओढला. वरून धरलेली बस हळूहळू कुशीवर वळली. कडेचे ठिपके लांबट झाले, मग एकेका ठिपक्यातून खांब निघाला आणि खांबावर बाण.

"कुठं?" फरहतने विचारलं.

"वर."

"मागचे? दाराच्या जाळीआड?"

मी आणखी फिरवली. अपेक्षा माझ्या खांद्यावरून वाकून एकेका बाणाला बोट लावत होती. "वर," ती म्हणाली. "हाही वर. सगळे वर आहेत, ताई."

दारात हुसेनबी उभी होती, निघायची वेळ झाली म्हणून सांगायला. अंगावर धुतलेली साडी, हात स्वच्छ. सवयीने ती उंबरठ्याशी थांबली. मग तिने स्वतःच्या तळहातांकडे बघितलं आणि आत आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या घरात आली आणि मी उठले तशी माझ्याच खुर्चीत, मुलीच्या शेजारी बसली.

"हीच का तुजी बस?"

"हीच."

"नुसत्या रेघाच की गं. खांब कंचा, दाव."

फरहतने आईचं बोट हातात धरलं आणि पडद्यावर टेकवलं. "हा बघ. हा मागचा खांब. आन् हा त्याचा बाण."

बोट बसच्या बाहेर, नुसत्या काळ्या जागेवर टेकलं होतं. फरहत पडद्याकडे बघत नव्हती, आईच्या तोंडाकडे बघत होती. दोन्ही एकदम तिला दिसत नाहीत.

अपेक्षाने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नको म्हणून.

हुसेनबीने ते बोट तसंच ठेवलं, हलवलं नाही. "व्हय," ती म्हणाली. "दिसला."